लालमास्तरांनी लावलेले दिवे

कुठलीही गोष्ट विचारा, लालमास्तरांचं पहिलं उत्तर ठरलेलं. "न्हाई." चहा घेणार का? न्हाई. बाजारला येणार का? न्हाई. मग ते चहा कुणी केलाय, दूध सकाळचं की कालचं, पेला विसळलाय का, हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघणार आणि म्हणणार, "आता घेतो." लग्नाच्या वेळीसुद्धा त्यांनी सासऱ्यांना तोंडावर "न्हाई" सांगितलं होतं म्हणे. आठ दिवसांनी "व्हय" सांगायला गेले, तोवर मुलगी दुसरीकडं द्यायचं निम्मं ठरलेलं. ही हकिकत त्यांची बायकोच मला सांगायची आणि शेवटी म्हणायची, "माझं लगीन माणसाशी झालंय का खांबाशी, काय की."

हजेरीपटावर त्यांचं नाव वेगळं होतं, पण सोलापूरच्या रेल्वे लायनीत ते कुणी घेत नसे. सिग्नलचे मेस्त्री, वय पंचावन्न, गुडघे कामातून गेलेले. वडील साखर पेठेत हातमागावर बसायचे. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि साहेबापुढं मोजकं, मोडकं, पण न घाबरता बोललेलं इंग्रजी. "मास्तर, बरं आहे ना?" असं कुणी वाटेत सहज विचारलं, तर ते "थांबा" म्हणून खरोखर मनगटावर बोटं ठेवायचे, नाडी बघायचे आणि मगच "बरं हाय" म्हणायचे. तोपर्यंत विचारणारा निघून गेलेला असायचा. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

मी त्या वेळी तारऑफिसात हंगामी तारबाबू होतो. नवीन लग्न, त्यात बायकोला दिवस गेलेले, आणि नोकरी कायम होण्याचा कागद महिनोन् महिने साहेबाच्या टेबलावर पडून. मोरचुदाच्या बॅटऱ्यांची मला माहिती आहे एवढ्यावर मला मास्तरांच्या हाताखाली दिलं. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझी बदली वेड्यांच्या इस्पितळात झाली. खोलीभर एक टेबल, टेबलावर पत्र्याचे रूळ, त्यावर चावीची दोन इंजिनं, आणि हा पंचावन्न वर्षांचा माणूस टेबलाखाली पाठीवर झोपून तारा जोडतोय. वर न बघता म्हणाला, "रुळाला बोट लावू नका. बोटाचं तेल लागतं." देव्हाऱ्यातलं सोवळं परवडलं, असं मी मनात म्हटलं.

झालं होतं असं, की मुंबईत तेव्हा रंगीत दिव्यांचे नवे सिग्नल बसायला लागले होते. आमच्याकडं अजून खांबावरचे हात होते. केबिनमधून तार ओढली की हात पडायचा आणि गाडीला वाट मिळायची. मुंबईत तसं काही नव्हतं. गाडीच स्वतःच्या मागं लाल दिवा लावत जाते आणि पुढं सरकली की मागचा दिवा पिवळा, मग हिरवा होतो. कुणी काही ओढायचं नाही, कुणी काही लावायचं नाही. मास्तरांना दोन महिने त्या कामावर पाठवलं होतं. येताना बायकोसाठी काही आणलं नाही, पत्र्याची आगगाडी आणली. बायको महिनाभर बोलली नाही म्हणतात. मास्तरांना ते कळलंच नसावं.

"दिवे हितं बी येणार," ते म्हणायचे. "हात जाणार. मग हात पाडणारी माणसं कुटं जाणार? त्यास्नी आधी शिकवाय नको का?"

एवढ्यासाठी सगळा खटाटोप. केबिनवाले, पॉइंटवाले, सांधे बघणारे, सगळ्यांना शिकवायचा वर्ग त्यांना सोलापुरात सुरू करायचा होता. तूर्त रेल्वे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे नोकरांच्या क्लबाच्या, मागची ही खोली आणि आठवड्यातून दोन दिवसांची तोंडी परवानगी होती. साहेबानं लेखी मंजुरी दिली की वर्ग पक्का. नाही दिली तर टेबल मोडायचं आणि मास्तरांनी त्या गुडघ्यांनिशी पुन्हा उन्हात खांबावर चढायचं.

ती रचना मला समजायला पंधरा दिवस लागले, पण ते शिकवायचे मात्र सोपं करून. रूळ त्यांनी तुकड्यातुकड्यांनी तोडले होते. दोन तुकड्यांच्या मध्ये पुठ्ठा. तुकड्याच्या एका टोकाला मोरचुदाची निळी बाटली, दुसऱ्या टोकाला तारयंत्रातून काढलेलं, वीज आली तरच ओढणारं लोहचुंबक. बाटलीतली वीज एका रुळातून जाते, चुंबकातून फिरून दुसऱ्या रुळानं परत येते. वीज आहे तोवर चुंबक लोखंडाची एक पट्टी वर धरून ठेवतं. मास्तर तिला जीभ म्हणायचे. जीभ वर आहे तोवर हिरवा. रुळावर गाडी आली, की वीज तिच्या चाकातून आणि कण्यातून मधूनच परत फिरते, चुंबकापर्यंत पोचतच नाही. जीभ खाली पडते. लाल.

नातेपुत्याकडचा एक पॉइंटवाला होता, अंगानं दांडगा. त्यानं एकदा विचारलं, "मास्तर, आन् तारच तुटली तर वो? हिरवाच ऱ्हायचा की."

मास्तर इतके खूश झाले की खिशातली सुपारी काढून त्याला दिली. "मिलमधी आडवा धागा तुटला की माग काय करतो?"

"थांबतो."

"कोण थांबवतो?"

"आपसूक थांबतो की."

"तसंच हे. तार तुटली, लाल. बाटली संपली, लाल. काय बी बिघडू दे, लाल. लाल आपोआप पडतो. हिरवा धरून ठिवावा लागतो." मग थोडं थांबून म्हणाले, "ज्याला ठाऊक न्हाई त्यानं गप ऱ्हाऊन हिरवा दाखवायचा न्हाई. माणूस असो का दिवा."

हे ऐकलं तेव्हा त्यांचं ते पहिलं "न्हाई" मला कळलं. घरीसुद्धा त्यांनी न्हाणीच्या कडीला तार बांधून स्वयंपाकघरात लाल दिवा लावला होता, आत कुणी असलं की पेटणारा. एकदा कडीचीच तार तुटली आणि दिवसभर लाल. बायको, मुलगी, सगळी तिष्ठत बसलेली. मास्तर आनंदानं सांगत सुटले की बघा, यंत्र किती बरोबर चालतं. बायकोनं त्या दिवशी भाकरी थापली नाही.

टेबलावर मध्येच बायकोचं एक जुनं लुगडं पडदा म्हणून टांगलेलं होतं. त्याच्या अलीकडं शिकणाऱ्यानं बसायचं. त्याला रूळ दिसत नाहीत, पुढची गाडी दिसत नाही, फक्त दिवा दिसतो. "डायव्हरला काय दिसतंय? दिवा. मग तुमाला बी तेवढंच दिसंल." लाल असेल तर हातातलं इंजिन धरून ठेवायचं. हिरवा झाला की सोडायचं. पडद्यापलीकडं रुळावर एक गाडी आम्ही उभी करून ठेवायचो. मी यायच्या आधीपासून धरून अख्ख्या वर्षात त्या टेबलावर गाडीला गाडी लागली नव्हती.

साहेब यायचा दिवस ठरला, तो नेमका खंडेनवमीचा. ज्याच्या टेबलावर माझा कागद पडून होता, तोच हा साहेब. सकाळपासून सगळी रेल्वे झेंडूनं भरलेली. इंजिनांना माळा, हातोड्यांना कुंकू, लोहाराच्या ऐरणीपुढं नारळ. मास्तरांनी आठाच्या सुमाराला प्रत्येक तुकडा तपासला. गाडी ठेव, लाल. उचल, हिरवा. तीनतीनदा. मग कोट घालून ते साहेबाला आणायला स्टेशनात गेले. मी खोलीत एकटा उरलो.

आता मी काय केलं ते सांगतो. सांगायला आजही जड जातं. माझ्या घराण्यात खंडेनवमीला हत्यार पुजल्याशिवाय कुणी कामाला हात लावलेला नाही. वडील कारकून होते, ते दौत-टाक पुजायचे. बायकोनं पुडीत हळद-कुंकू बांधून दिलेलं, एका वाटीत तेलवात. मला वाटलं, आज एवढं मोठं काम, आणि ज्या यंत्रावर सगळं अवलंबून त्याला हळदीचं बोटही नको? मास्तरांना सांगितलं असतं तर ते "न्हाई" म्हणाले असते. म्हणून ते नसताना केलं. कोरडी हळद पत्र्याला चिकटेना, तेव्हा तेलात कालवली. इंजिनांच्या चाकांना लावली, मधल्या तुकड्याच्या रुळांना लावली, हात जोडले. आणि मग मास्तरांचा चेहरा डोळ्यांपुढं आला. मी घाईघाईनं उपरण्याच्या टोकानं सगळं पुसून काढलं. पिवळं दिसेनासं झालं. मला वाटलं, निघालं. निघालं कसलं, मी ते सगळीकडं नीट सारवलं होतं. तारबाबू असून मला एवढं कळू नये.

साहेब उंच, घामाघूम आणि घाईत. त्याचा सलून, म्हणजे साहेबाच्या राहण्याजेवण्याचा खास डबा, सायडिंगला उभा होता आणि दुपारच्या गाडीला जोडून जायचा होता. तो इंग्रजीत बोलत होता, मी मराठीत सांगतो. "हेच ते खेळणं?" त्यानं विचारलं. मास्तर म्हणाले, "खेळणं न्हाई साहेब. बसा." आणि त्याला त्यांनी पडद्याअलीकडं शिकणाऱ्याच्या जागी बसवलं. हातात चावी भरलेलं इंजिन आणि मागं एक डबा दिला. स्वतः शेजारी उभे राहिले, तेही पडद्याच्या त्याच बाजूला. पलीकडं मी एकटा.

मी पहिली गाडी मधल्या तुकड्यावर ठेवली. दरवेळी चाक टेकलं की जीभ पडल्याचा टक् आवाज यायचा. या वेळी आला नाही. मी दिव्याकडं बघितलं. हिरवा. गाडी माझ्या डोळ्यांसमोर रुळावर उभी आणि दिवा हिरवा. पुढच्याच क्षणी मला हळद आठवली, तिच्यातल्या तेलानं वीज चाकात शिरतच नव्हती.

पडद्यापलीकडून मास्तरांचा आवाज आला, "दिवा बघा साहेब. हिरवा असंल तर सोडा."

ओरडायला वेळ होता. "थांबा" एवढाच एक शब्द. पण "थांबा" म्हटलं की पुढं "का" येणार, आणि "का"च्या पुढं मी, माझी हळद, साहेबाच्या टेबलावरचा तो कागद. मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. साहेबानं इंजिन सोडलं. लुगड्याखालून ते खडखडत आलं आणि उभ्या गाडीवर आदळलं. मागचा डबा उलटून टेबलावरून खाली पडला आणि फरशीवर बराच वेळ वाजत राहिला.

साहेब उठला, पडदा बाजूला केला आणि हिरव्या दिव्याकडं बोट दाखवलं. "किती माणसं मेली?"

"डब्यात बसली हुती तेवढी," मास्तर म्हणाले. त्यांनी वाकून मधल्या रुळावरून अंगठा फिरवला. अंगठा नाकाशी नेला. मग माझ्याकडं बघितलं. किती वेळ बघितलं कुणास ठाऊक, मला मान वर करवेना.

"काय आहे ते?" साहेबानं विचारलं.

"हळद. आज पूजेचा दिवस हाय."

"कुणी लावली?"

खोलीत फक्त बॅटरीच्या बाटल्या आणि आम्ही तिघं. मास्तरांना माझा कागद कुठं अडकलाय ते ठाऊक होतं. माझ्या घरचंही ठाऊक होतं. नेहमीसारखे ते क्षणभर थांबले. मला वाटलं, आता माझं नाव येणार.

"मी," मास्तर म्हणाले.

"तुम्ही तर येताना म्हणालात, दर सकाळी तपासता."

"तपासलं. मग पूजा केली. पण साहेब, एक लिवून घ्या. खऱ्या रुळावर गंज चढला, चाकाखाली वाळू आली, तर असंच हुईल. गाडी उभी आन् दिवा हिरवा. ह्यावर काय तरी करा."

साहेबानं वही काढली नाही. टोपी उचलली. "जो माणूस रुळाला हळद फासतो, त्याच्या हाती मी सिग्नल शिकवायचं काम देऊ?" असं म्हणून तो निघून गेला. वर्गाचं काय, हे विचारायची गरजच उरली नाही.

मास्तरांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी घासलेटचा डबा आणला, चिंधी माझ्या हातात दिली. मी रूळ पुसले, चाकं पुसली, पुन्हा पुसली. मग त्यांनी गाडी मधल्या तुकड्यावर ठेवली. टक्. लाल.

"वरीसभर ह्या खोलीत खोटं घडलं नव्हतं," ते म्हणाले. "आज दोनदा घडलं. एक पुसून निघालं."

मी चिंधी तिथंच टाकली आणि बाहेर पडलो. मिलचा बाराचा भोंगा वाजत होता. शंटिंगचं इंजिन सायडिंगकडं निघालेलं दिसलं, म्हणजे सलून ओढायलाच. मी यार्डातून धावत सुटलो. तारबाबूनं रुळांतून धावणं हाही एक गुन्हाच, पण त्या दिवशी एक गुन्हा काय आणि दोन काय. खानसामा पायरीवर आडवा आला. "साब खाना खा रहे हैं." मी त्याला ढकलून आत गेलो. असं मी पुन्हा आयुष्यात केलं नाही.

साहेब जेवत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, की हळद मी लावली, मीच पुसली, आणि दिवा हिरवा दिसला तेव्हा तुम्हाला थांबवू शकत होतो तो एकटा मीच होतो, तरी गप्प राहिलो. बोलून झालं आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की मी मास्तरांना खोटं ठरवून मोकळा झालो होतो. साहेबाशी खोटं बोलणं हे हळदीपेक्षा वाईट.

साहेबानं काटा खाली ठेवला. "म्हणजे तो माझ्याशी खोटं बोलला."

"हो साहेब. माझ्यासाठी."

"आणि ते गंजाचं, वाळूचं? तेही खोटं?"

"नाही साहेब. ते खरं. ते तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही."

डब्याला इंजिन लागल्याचा धक्का बसला. टेबलावरचं पाणी हिंदकळलं. साहेबानं माझं नाव विचारलं, या वेळी वहीत लिहिलं, आणि म्हणाला, "उतरा. गाडी हलेल."

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो. महिन्याभरानं एकाच पाकिटातून तीन कागद आले. साहेबासमोर खोटं निवेदन केल्याबद्दल मास्तरांना लेखी ताकीद. वर्गाला सहा महिन्यांपुरती मंजुरी, आणि त्यात अट घातलेली, की गंज आणि वाळू हा धडा पहिला शिकवावा. माझं कायम होणं एक वर्ष लांबणीवर. सहा महिन्यांचा तो वर्ग मास्तर निवृत्त होईतो चालला. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी यातलं काही ठाऊक नव्हतं. सलून गेलेलं, साहेब काय ठरवलं ते न सांगता गेलेला, आणि मला मास्तरांना तोंड दाखवायचं होतं.

मी खोलीत आलो तेव्हा ते खाली बसून उलटलेल्या डब्याचा वाकलेला पत्रा सरळ करत होते.

"सांगून आलो," मी म्हणालो.

"काय?"

"हळद माझी होती म्हणून. साहेबाला सांगितलं."

मास्तर उठले. गुडघ्यांमुळं त्यांना टेबल धरून उठावं लागलं. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "कुणी सांगितलं हुतं तुमाला? आं? घरी बाई पोटुशी हाय. कागद त्याच्याच हातात. अक्कल गहाण ठिवली का?"

"तुमचा वर्ग जात होता, मास्तर."

"वर्ग माझा जात हुता. तुमचं काय जात हुतं?"

मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. मास्तर पुन्हा हळूहळू खाली बसले, डबा मांडीवर घेतला, आणि राग उतरलेल्या, अगदी दमलेल्या आवाजात म्हणाले,

"पंचावन्न वर्सं झाली, कुणाशी खोटं बोललो न्हाई. बायकोशी न्हाई, साहेबाशी न्हाई. आज एक बोललो, ते बी लई जिवावर आलं हुतं. तेवढं तरी टिकू द्यायचं हुतं की."